बुद्धाचा उजवा हात

आमच्या भागातल्या विहारातली मूर्ती बदलायची आहे. जुनी मूर्ती पीओपीची. दोन पावसाळ्यांत तिच्या गुडघ्याशी तडा गेला, पाठीचे पोपडे निघाले, आणि समितीने ठरवले की वर्गणी काढून नवी बसवू. इतक्या साध्या ठरावावरून गेला दीड महिना जे रण पेटले आहे, ते येरवड्यापासून दापोडीपर्यंतच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन पोचले आहे. एक गट म्हणतो, मूर्ती हाताने घडवलेलीच हवी, मशीनच्या मूर्तीत ऊर्जा नसते. दुसरा गट म्हणतो, तथागतांनी मूर्तिपूजा सांगितलीच नाही, तेव्हा फायबरची घ्या, स्वस्तात पडेल, उरलेले पैसे अभ्यासिकेत घाला. पहिले दुसऱ्यांना 'रसिकता नसलेले' म्हणतात, दुसरे पहिल्यांना 'पुन्हा देव्हाऱ्यात शिरलेले'. माझे मामेभाऊ दोन्ही गटांत आहेत, त्यामुळे मला दोन्हीकडचे मेसेज वाचावे लागतात. त्यात 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण मी आतापर्यंत निदान वीस वेळा वाचली. टाकी कोणाच्या हातात होती, हे मात्र एकानेही विचारलेले नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हात की यंत्र, हा भांडण्याजोगा प्रश्नच नव्हे. बुद्धमूर्ती ही वाचायची गोष्ट आहे. तिला भाषा आहे, व्याकरण आहे. मूर्ती आपल्यापर्यंत येते त्या साखळीत ती भाषा येणारा निदान एक माणूस असायला हवा, आणि त्या माणसाला नाव आणि दाम दोन्ही मिळायला हवे. हे जमत असेल तर यंत्राने कापलेली मूर्तीही चालेल. जमत नसेल तर हाताने घडवलेलीही निव्वळ वजनदार वस्तू आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. समितीतल्या दोघांबरोबर मूर्ती बघायला हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. बागेतले कारंजे, हरणांच्या जोड्या, घोडे, त्यात ओळीने बुद्ध. एक पांढरी, साडेतीन फुटी, दिसायला सुबक मूर्ती सगळ्यांच्या मनात भरली. भाव ठरत आला. तेवढ्यात बरोबरच्या काकांनी, जे आयुष्यभर दारूगोळा कारखान्यात फिटर होते, मान तिरकी करून विचारले, "हा हात डावा आहे का रे?" होता. बुद्धाचा डावा हात जमिनीकडे आणि उजवा मांडीवर. दुकानदार म्हणाला, "दोन्हीकडे मिळतात साहेब, तुमच्या भिंतीप्रमाणे घ्या." कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात कोणीतरी आरशासारखी पलटी मारली होती. एका क्लिकचे काम. मशीनने दिलेल्या रेषेप्रमाणे इमानदारीने दगड कापला होता. यंत्राची त्यात काडीचीही चूक नाही.

काय बिघडले मग? हात डावा की उजवा, बुद्ध तर बुद्धच ना? हा प्रश्न तिथे आमच्यातल्याच एकाने विचारला, आणि तो वाटतो तितका भाबडा नाही. उत्तर द्यायचे तर ती मुद्रा, म्हणजे हातांची ती ठेवण, काय सांगते ते पाहावे लागते. बोधगयेला पिंपळाखाली बसलेल्या सिद्धार्थाला मार, म्हणजे त्याला ध्यानातून ढळवायला आलेला मोहाचा राजा, विचारतो, या आसनावर बसण्याचा अधिकार तुला कोणी दिला, तुझा साक्षीदार कोण? माराकडे सैन्य आहे, आरडाओरडा आहे, त्याच्या बाजूने बोलणारे हजार आहेत. हा एकटा. तो वेद काढून दाखवत नाही, वंशावळ सांगत नाही. उजवा हात मांडीवरून खाली नेतो आणि बोटांची टोके जमिनीला टेकवतो. साक्षीदार जमीन. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना प्रत्येक उंबऱ्यावर 'तुला इथे बसायचा अधिकार कोणी दिला' हेच विचारले गेले, त्यांना याहून नेमकी मुद्रा सापडेल का? डावा हात मांडीवर उताणा, तो ध्यानाचा. उजवा जमिनीवर, तो साक्षीचा. आतले शांत, बाहेरचे ठाम, दोन्ही एकाच शरीरात. उलटी मूर्ती म्हणजे उलटे छापलेले वाक्य. अक्षरे ओळखू येतात, वाचता येत नाही.

आणि पलटी नसली तरी दुसरी गंमत असते, ती मला त्या दिवसानंतर सगळीकडे दिसायला लागली. स्वस्त साच्यातल्या मूर्तीत जमिनीकडे जाणारा हात सुटा नसतोच, तो नडगीला चिकटलेला असतो. साच्यातून माल सोडवताना बोटांमागची पोकळी अडते, म्हणून साचा करणारा ती पोकळी बुजवून टाकतो. बोटे जमिनीपर्यंत पोचत नाहीत, गुडघ्यावरून घसरल्यासारखी अधांतरी थांबतात. तेच कानांचे. बुद्धाच्या कानाच्या पाळ्या लांब आणि रिकाम्या दाखवतात. त्याचे सांगितले जाणारे एक कारण असे की राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांनी त्या ओघळल्या आणि कुंडले गेल्यावर रिकाम्या राहिल्या. सोडून दिलेल्या वैभवाची ती खूण. पाळीतली फट साच्यात टिकत नाही म्हणून ती भरतात, आणि मग रिकामे वाटते म्हणून वर सोनेरी रंगाचा ठिपका देतात. कुंडले परत आली! अडीच हजार वर्षांपूर्वी उतरवलेली.

आता विरुद्ध बाजूचा पहिला आणि वजनदार मुद्दा. मुळात मूर्ती हवीच कशाला? मळवली स्टेशनला उतरून भाजे लेण्यांत जा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले चैत्यगृह, आत फक्त स्तूप. बुद्धाची आकृती नाही. कार्ल्याच्या भव्य चैत्यातही मूळ योजनेत ती नाही. दर्शनी भिंतीवर दांपत्यांच्या शिल्पांमध्ये जे बुद्ध दिसतात ते काही शतकांनी मागाहून कोरलेले. कितीतरी पिढ्या चक्र, बोधिवृक्ष, पाऊलखुणा, रिकामे आसन यांवर भागले. मथुरा आणि गांधारात मूर्ती घडू लागल्या तेव्हा बुद्धांच्या निर्वाणाला चार-पाच शतके होऊन गेली होती. म्हणजे मूर्तीशिवाय धम्म चालतो, हे आपल्याच सह्याद्रीने सिद्ध केले आहे. हे मी मान्य करतो.

पण यातून 'कशीही मूर्ती चालेल' हे कसे निघते? निघते ते एवढेच की मूर्ती न ठेवण्याचा पर्याय खुला आहे. बसवा ना मग एक साधा स्तूप, कार्ल्यासारखा, मी पहिली वर्गणी देईन. पण तो ठराव कोणीच मांडत नाही. मूर्ती तर हवी, मात्र तिच्याकडे नीट बघायचे नाही, अशी ही भूमिका आहे. रिकाम्या आसनाची परंपरा ही बेफिकिरीची परंपरा नव्हती. कोणती गोष्ट दाखवायची आणि कोणती नाही, याबद्दल ती आपल्यापेक्षा किती तरी जास्त काटेकोर होती. शिवाय आपल्याच उंबऱ्यावरचा दाखला बघा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली, ती रंगूनहून आणलेली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे इथे मूर्ती दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी आली. चक्र बसवता आले असते, ग्रंथ ठेवता आला असता. मूर्तीला देव न मानणाऱ्या माणसाने समुद्रापलीकडून मूर्ती आणण्याचा खटाटोप केला, तो काय हौसेखातर?

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो माझ्या आत्याने मांडला. तिच्या एका खोलीच्या घरात कपाटावर वीतभर उंचीचा प्लास्टरचा बुद्ध आहे, त्याच्या नाकाचा रंग उडालेला आहे, आणि त्याच्यासमोर तिने तीन मुले शिकवली. ती म्हणाली, "हाताने घडवलेले सोसायटीवाल्यांना परवडते. आम्हाला साच्यातलाच बुद्ध भेटला, आणि तो आमच्यासाठी पुरेसा होता." यावर काय बोलणार? खरे तर बौद्ध परंपरा आत्याच्याच बाजूची आहे. बोधगया, नालंदा अशा ठिकाणी मातीच्या छोट्या मुद्रा, म्हणजे शिक्क्यासारख्या चकत्या, ढिगांनी सापडल्या आहेत. साच्यात दाबून काढलेला स्तूप किंवा बुद्ध, खाली धम्माची गाथा. यात्रेकरू त्या घडवून अर्पण करीत. जपानच्या सम्राज्ञी शोतोकूने आठव्या शतकात दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवले आणि प्रत्येकात छापलेला मंत्र ठेवला. तारीख असलेले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणून जे ओळखले जाते, ते ८६८ सालचे आणि बौद्ध सूत्राचे. नक्कल करण्याची, वाटण्याची, हजारोंनी छापण्याची या धर्माला कधी लाजच नव्हती. 'एकमेव, अस्सल, हातची' हा आग्रह गॅलरीचा आहे, संघाचा नव्हे.

तेव्हा साच्याशी माझे भांडण नाही. पण नालंदेचा तो साचा कोणी कोरला होता? उलटा साचा, त्यात हातांची नखाएवढी मुद्रा, खाली वाचता येणारी अक्षरे: हे ज्याने कोरले त्याला मुद्राही येत होती आणि लिपीही, तीसुद्धा उलटी. एक जाणता हात होता आणि त्याच्या हजार प्रती निघाल्या. आज हजार प्रती निघतात आणि मुळाशी कोणीच नसतो. साच्यावरून साचा, फोटोवरून आराखडा, आराखड्यावरून पलटी. आत्याचा बुद्ध स्वस्त आहे यात काही वावगे नाही. पण स्वस्त घेणाऱ्याला चुकीचेच मिळावे, हा न्याय कुठला? दहा रुपयांच्या पंचांगात तिथ्या चुकलेल्या चालतात का आपल्याला? शाळेच्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती काढताना आपण पाढे बदलतो का? जाणकार मूर्तिकाराकडून एक उत्तम मूळ मूर्ती करून घेऊन तिच्या साच्यातून हजार घरांत बुद्ध पोचवणे, हे फायबरमध्येही शक्य आहे. मला तर वाटते, विहाराची मूर्ती एकदा बसवण्यापेक्षा हे काम मोठे ठरेल. पण ते राहू दे.

'ऊर्जा'वाल्यांना मी इतका वेळ मोकळे सोडले. त्यांची बाजू ऐकायला भारदस्त आणि पोकळ आहे. ज्या परंपरांचा ते हवाला देतात, त्यांना हाताने घडवलेली मूर्ती आपोआप पवित्र झाली असे वाटत नाही. श्रीलंकेत मूर्ती पूर्ण होते ती डोळे रंगवल्यावर. तो विधी 'नेत्रमांगल्य' म्हणून ओळखला जातो, आणि कारागीर त्या वेळी मूर्तीकडे थेट न बघता आरशात बघून डोळे रंगवतो. तिबेटी पद्धतीत पोकळ मूर्तीच्या पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या भरतात आणि बुड तांब्याच्या पत्र्याने बंद करतात. म्हणजे तिथेही घडवणे वेगळे आणि प्रतिष्ठा वेगळी. महिनोन्‌महिने ठोकून घडवलेली मूर्ती विधीआधी धातूच असते. मग छिन्नीच्या घावात ऊर्जा शिरते हे कुठून आले? ते विक्रेत्यांच्या पत्रकातून आले, आणि आपल्या माणसांनी ते बुद्धवचनासारखे पुढे ढकलले. मला त्या आरशाची गोष्ट आवडते ती वेगळ्या कारणाने. ज्याने ते डोळे काढले त्याला आपण काय करतो आहोत याची भीती वाटत होती. डावा हात जमिनीला लावणाऱ्या क्लिकमागे तशी भीती असती, तर तो माणूस एकदा थांबला असता.

शिवाय 'हाताने घडवलेले' या शब्दांत किती लोक, किती अवजारे आणि किती आजार लपलेले असतात! नेपाळात पाटणच्या ओकुबहाल भागात शाक्य कारागीर मेणसाच्याच्या पद्धतीने मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे थर, मग भट्टीत मेण वितळवून काढायचे, उरलेल्या पोकळीत तांब्याचा रस ओतायचा, साचा फोडायचा आणि मग बारीक छिन्न्यांनी महिनोन्‌महिने रेषा काढायच्या. साचा फुटतो, म्हणून मूर्ती खरोखर एकच निघते. हे ऐकताना आपण हरखतो. पण त्या मूर्तीचा सोनेरी झळाळ पारंपरिक पद्धतीने द्यायचा तर सोने पाऱ्यात कालवून लावतात आणि तापवून पारा उडवतात. तो पारा कोणाच्या छातीत जातो? दगडकामात धुळीने फुप्फुसे दगडासारखी होतात, हे आपल्या खाणींवरच्या वडार समाजाला कोणी सांगायला नको. त्यामुळे जिथे यंत्र माणसाची छाती वाचवते तिथे त्याला नाक मुरडणाऱ्याने आधी एक दिवस मास्कशिवाय तिथे बसावे. जपानच्या जोचो नावाच्या शिल्पीने अकराव्या शतकात एका ओंडक्याऐवजी अनेक तुकडे जोडून पोकळ मूर्ती करण्याची पद्धत परिपूर्ण केली. कामे वाटली गेली, कार्यशाळा उभ्या राहिल्या. पुढे १२०३ साली उन्केई, काइकेई आणि त्यांच्या माणसांनी तोदाइजी मंदिराचे आठ मीटरहून उंच द्वारपाल ६९ दिवसांत उभे केले. एवढी झपाट्याची कामे बघून तेव्हाही कोणी 'कारखाना झाला' म्हणून हळहळले असेल. पण रेषा कुठे जायला हवी हे ठरवणारा डोळा त्या कार्यशाळेत होता, आणि म्हणून त्या मूर्तींपुढे आजही माणूस दोन पावले मागे सरतो.

इथे एक शंका रास्त आहे. भाषा, व्याकरण म्हणत तुम्ही मूर्तीला गोठवून टाकता आहात का? गांधारच्या शिल्पींनी बुद्धाला ग्रीक चुण्यांचे वस्त्र दिले, कधी मिशाही दिल्या. सारनाथच्या शिल्पींनी त्या चुण्याच पुसून वस्त्र अंगाला धुक्यासारखे चिकटवले. थायलंडमध्ये सुखोथाईच्या लोकांनी बुद्धाला चालायला लावले. पाल राजांच्या काळात बिहार-बंगालमध्ये मुकुट घातलेले, होय, कुंडले घातलेले बुद्धही घडले. मग दुकानातल्या त्या सोनेरी ठिपक्यानेच काय घोडे मारले? फरक असा की पालांच्या शिल्पीला कुंडले का नसतात हे ठाऊक होते, आणि तरी त्याने ती घातली, कारण त्याला बुद्धाचे सार्वभौमत्व सांगायचे होते. तो वाक्य बदलत होता. दुकानातल्याला आपण काही लिहितो आहोत हेच माहीत नाही. कवीने व्याकरण मोडणे आणि टायपिस्टने काना विसरणे, दोन्हींचा परिणाम कागदावर सारखाच दिसतो, पण म्हणून दोन्ही एक नव्हेत. उद्या आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलीने हातात पाटी घेतलेला बुद्ध घडवला तर मी तिच्या बाजूने भांडेन.

आणि नुसत्या मुंडक्यांचे काय? बाणेर-खराडीच्या सोसायट्यांच्या लॉबीत, सलूनमध्ये, हॉटेलच्या पाण्याच्या टाक्यांवर धडावेगळे बुद्धाचे डोके ठेवायची टूम निघाली आहे. 'शांत वाटते' म्हणे. हा आकार आला कुठून? कोणत्या शिल्पशास्त्रात नुसते डोके घडवा असे सांगितले आहे? तो आला चोरांच्या करवतीतून. संबंध मूर्ती नेता येत नाही, डोके नेता येते. चीनमध्ये त्यान्लुंगशानच्या लेण्यांतली डोकी १९२० च्या दशकात कापून परदेशी बाजारात गेली. जावातल्या बोरोबुदूरच्या ५०४ बुद्धमूर्तींपैकी तीनशेहून जास्त मोडक्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना डोकेच नाही. ती डोकी संग्रहालयांत चौथऱ्यांवर बसली, तिथून सजावटीच्या मासिकांत गेली, आणि आता आपण कापलेल्या मानेची हुबेहूब नक्कल मानेच्या रेषेसकट फायबरमध्ये काढतो. थायलंडमध्ये 'बुद्ध सजावटीसाठी नाही' असे मोठमोठे फलक रस्त्याकडेला लागलेले असतात. आपल्याकडे कोणी असे बोलले की लगेच भावना दुखावल्याचा आरोप होतो, म्हणून भावना बाजूला ठेवून विचारतो: शिवाजी महाराजांचे नुसते डोके पाण्याच्या कुंडीत ठेवाल का? (पोटावर हात फिरवून पैसा मागायचा तो हसरा बुद्ध तर बुद्धच नव्हे. तो बुदाई, झोळी घेऊन फिरणारा दहाव्या शतकातला चिनी भिक्षू. तुळशीबागेत त्याला कोणी हे सांगेपर्यंत बिचारा वास्तुदोष दूर करत बसणार.)

मी पुण्याचा, म्हणून तांबट आळीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी कसबा पेठेत बंब, घंगाळी, हंडे ठोकले. तांब्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवायचे, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसते नक्षीकाम नाही, ठोकून पत्रा घट्ट होतो, भांडे चेपत नाही. स्टील आले, गीझर आला, बंब अडगळीत गेले. आता त्या आळीत दिव्यांच्या शेड आणि कुंड्या होतात, मोठ्या दुकानांत 'हँडमेड' चिठ्ठी लावून विकल्या जातात. कारागिरांच्या पोटाची सोय झाली, चांगलेच आहे. पण जुने गिऱ्हाईक हरवले. माझी आजी भांडे घेताना ते उलटे करी, बोटाने वाजवी, सांधा बघे आणि मठार विरळ असला तर सरळ परत करी. तिला ते काम करता येत नव्हते, पण वाचता येत होते. कारागिराला धाक तिचा होता. आजच्या गिऱ्हाइकाला ठोक्यांचे ठसे दिसले की पुरे. ते ठसे प्रेसमध्ये उमटवले तरी त्याला कळणार नाही. गणपतीच्या वेळी शाडू की पीओपी हा वाद आपण दरवर्षी घालतो, पण मूर्तीची बैठक आणि सोंड कोणी घडवली याची चौकशी कितीजण करतात? माती कोणती एवढेच विचारून आपण मोकळे. विहाराच्या वादातही तेच झाले: फायबर की पाषाण, एवढ्यावर अडलो. साहित्य विचारले, लिहिणारा विचारलाच नाही.

राहिला सगळ्यात धारदार आक्षेप. तो एका तरुण वकील मुलीने समितीत घेतला आणि दोन मिनिटे कोणालाच बोलता आले नाही. ती म्हणाली, "वंशपरंपरागत कारागिरीचे तुम्ही जे गोडवे गाता, ती जातच आहे. बापाचा हातोडा पोराच्या हातात, हीच ना परंपरा? बाबासाहेबांनी सांगितले, जात म्हणजे श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी. मशीनने ती साखळी तुटत असेल तर तुटू द्या." हे खरे आहे. पाटणचे शाक्य असोत की कसब्यातले तांबट, हुनर कुळात अडकलेले आहे. मेलेल्या धंद्यासाठी गळा काढणाऱ्यांत त्या धंद्यात स्वतःचा मुलगा घालायला तयार असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण आपल्या लेण्यांना विचारून पाहू. कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यात चैत्याच्या दर्शनी भागावर एका शिल्पाजवळ छोटा लेख आहे: हे कान्हाच्या अंतेवासी बलकाने केले. अंतेवासी म्हणजे जवळ राहून शिकणारा, शिष्य. बलकाने सही करताना बापाचे नाव घातले नाही, गुरूचे घातले. पितळखोऱ्याच्या लेण्यांतला जो ठेंगणा, हसतमुख यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर कोरले आहे की तो कान्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनाराने दगड कोरला! सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे की हे शिल्पकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, त्याने दाराचे काम केले. त्या काळी सगळे समान होते असा दावा मी करत नाही. आपल्याला सुवर्णकाळ शोधायची खोड आहे आणि ती मला नको. पण एवढे तर दिसते की हुनर एका धंद्यातून दुसऱ्यात जाऊ शकत होते, शिकवून येत होते, आणि घडवणाऱ्याला त्याच भिंतीवर नाव कोरायची मुभा होती. जातीने काय केले? हुनर कुळात कोंडले आणि नाव पुसले. मग जात तोडायची म्हणून हुनरच सोडून देणे, हा कुठला उपाय? ते कुळाबाहेर काढायला हवे. आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, ती असायलाच हवीत. तिथे रविवारी कोणी मातीकाम शिकवले, मुद्रा वाचायला शिकवल्या, तर जागा अपुरी पडेल का? त्या वकील मुलीला मी हे म्हटले. ती म्हणाली, "शिकवणारा आणा, मी पहिली येते." अजून आणलेला नाही, हा दोष माझा.

मूर्तीचे म्हणाल, तर काम एका मूर्तिकाराकडे गेले आहे. तो ज्या घरातला आहे तिथे याआधी कोणी छिन्नी धरलेली नव्हती; कलाशाळेत शिकला. दगडाचा ढोबळ आकार मशीनवर कापून घेणार, चेहरा, हात आणि पाळ्या स्वतः करणार, हे त्याने आधीच सांगून टाकले, आणि 'ऊर्जा'वाल्यांपैकी दोघांनी वर्गणी अर्धी केली. त्याने विहारात येऊन चौथऱ्याची उंची मोजली, मग जमिनीवर बसून बघितले, मग एका लहान मुलाला बसवून बघितले. पापण्या किती मिटायच्या हे बसणाऱ्याच्या नजरेवर ठरते, म्हणाला. तुमच्याकडे लोक खाली बसतात ना?

आता वाद दानफलकाचा आहे. मूर्तीच्या शेजारी संगमरवरी फलक लागणार, त्यावर वर्गणीदारांची नावे, रकमेच्या उतरत्या क्रमाने. कार्ल्याच्या खांबांवरही दात्यांची नावे आहेत, तेव्हा ही हौस दोन हजार वर्षे जुनी आहे आणि माझी तिला हरकत नाही. मी फक्त म्हटले, शेवटची एक ओळ मूर्तिकाराची असू दे: अमक्याने केली, तमक्याकडे शिकला. समितीचे उत्तर आले की फलकावर जागा उरलेली नाही, आणि त्याला पैसे दिले आहेत की. मी फलकाचा नमुना मागवून घेतला. खाली दोन बोटे पट्टी कोरी आहे, तिच्यावर फलक करून देणाऱ्या दुकानाचा फोन नंबर येणार आहे.